घरी जायचा प्रश्न

आज सकाळी बाजारात धुरावलेला मासा घेत होते, तेवढ्यात मासेवालीने माझा हात धरला. मला वाटलं पैसे मागतेय, म्हणून मी नोट पुढे केली. तिने नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा हात उलटा केला, टोपल्यांवरून वाकली आणि हाताची पाठ आपल्या कपाळाला लावली. कपाळ घामाने ओलं होतं, केसांना नारळाच्या करवंट्यांच्या धुराचा वास होता. थोरांचा हात असा कपाळाला लावायची आमच्याकडची रीतच आहे. कॉलेजातली मुलंही रोज माझा हात कपाळाला लावतात, नाही असं नाही. पण ती घाईत असतात, एका हातात फोन असतो आणि हाताला जेमतेम नाक लागतं. हे तसं नव्हतं. हे कपाळ पूर्ण टेकलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि मग सुटलं. लहान मुलं टेकतात तसं.

"ओळखलं नाही ना बू? मी मुर्तिनी. तिसरीतली. खिडकीतली."

"खिडकीतून उडी मारून पेरू चोरायला गेलेली मुर्तिनी?"

"अगं बाई, तेवढंच लक्षात ठेवलंत!" ती शेजारणीकडे वळून ओरडली, "ह्या माझ्या बू बरं का, शाळेतल्या बाई! ह्यांच्या वर्गात समुद्राचं पाणी शिरायचं, आम्ही बाकावर पाय घेऊन पाढे म्हणायचो!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कुठल्या वर्गावर आहात?"

"वर्गावर नाही आता. कॉलेजात आहे. पुढे शिक्षक होणार त्यांना शिकवते."

"म्हणजे मोठ्यांना?"

"हो, मोठ्यांना."

"म्हणजे आता पोरं नाहीतच?" असं म्हणून तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी जणू विधवा झाल्याचं तिला आत्ताच कळलं होतं. मग एक मासा जास्तीचा घातला, केळीच्या पानात बांधून दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मीही फार आग्रह धरला नाही. मला तिथून निघायचं होतं.

सेमारांग शहराच्या चढावर कॉलेज आहे आणि खाली, समुद्राच्या अंगाला, माझी जुनी शाळा. भरतीचं पाणी आत घुसणारी. खालून वर येणाऱ्या गाडीत बसले, मांडीवर माशाचं पुडकं, आणि हाताची पाठ अजून ओली वाटत होती. पोरं नाहीतच. खरं होतं ते. किती वर्षं माझ्या हाताची पाठ रोज सकाळी ओली व्हायची. शाळेच्या दारात रांग लागायची. कुणाचं कपाळ तापलेलं असे, कुणाचं नाक वाहत असे, कुणी आंघोळ न करता आलेलं असे आणि हातावरून ते मला कळे. घरी भांडण झालं की पोरगं कपाळ नुसतं लावून पळे. खूश असलं की दाबून धरे. ती रांग संपेतो मला सगळ्या वर्गाची खबर लागलेली असे. मग एक साहेब वर्ग बघायला आले, मागच्या बाकावर बसले, पाण्याला भिऊन त्यांनीही पाय वर घेतले. तास संपल्यावर म्हणाले, "बू वुर्यानी, हे तुम्ही कसं करता?" मी म्हटलं, "काय?" म्हणाले, "हे सगळं." मी म्हटलं, "मला नाही माहीत." त्यांना तो विनय वाटला. खरं तर ते साधं उत्तर होतं. पण विनयाला आमच्या जावात फार भाव; वर्ष उलटायच्या आत मला वर चढावरच्या कॉलेजात बोलावणं आलं, की जे तुम्हाला माहीत नाही असं तुम्ही म्हणता ते आता दुसऱ्यांना शिकवा.

आणि मी शिकवत आले. काही शिकवण्यासारखं असतंच. खडू मोडून घेतला म्हणजे कर्कश वाजत नाही. प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देऊन टाकायचं नाही. रडणाऱ्या पोराला वर्गासमोर "काय झालं" विचारायचं नाही. फळ्यावर लिहितानाही पाठीला कान हवेत. मुलं वह्या भरभरून उतरवून घेतात, पास होतात, डोंगरातल्या शाळांवर जातात, सणाला निरोप पाठवतात. पण ती वह्या भरत असताना मला आत कुठेतरी लाज वाटत असते. कारण एक गोष्ट मला माहीत नाही, आणि बाकी सगळं त्या एका गोष्टीच्या कडेकडेने चाललेलं आहे. मी शिक्षिका झाले ती एका दुपारी, तिसरीत असताना, एका मास्तरांनी काहीतरी केलं म्हणून. काय केलं, ते मला आठवत नाही.

सुंबिंग डोंगराच्या पोटाशी आमचं गाव. तंबाखूचं. हंगामात सगळ्या वाटेवर बांबूच्या तट्ट्यांवर चिरलेली तंबाखू वाळत घातलेली असे, आणि आम्हा पोरांची बोटं राळेने काळी, चिकट. शाळा गावाच्या वर होती; घरी यायला सरळ उतार. आणि मी शाळेत बोलत नसे. मला काही झालं नव्हतं, लोक उगाच कारणं शोधतात. घरात मी बोलायचे, बकरीशी तर तासन्‌तास बोलायचे. पण शाळेच्या उंबऱ्याशी आलं की चपला काढून ठेवाव्यात तसा आवाज बाहेर राही. पहिली गेली, दुसरी गेली. पोरं मला दगड म्हणत. दगड होणं वाईट नसतं. कुणी पाय लावतं, कुणी वर बसतं, पण दगडाला सगळं ऐकू येतं.

आमच्याकडे शाळा सुटताना एक खेळ असतो, सगळ्या शाळांतून असतो. मास्तर एकेक प्रश्न टाकतात. ज्याने आधी हात वर केला आणि बरोबर सांगितलं तो मास्तरांचा हात कपाळाला लावून घरी जातो. हुशार पोरं आधी जातात, मग बेरकी, मग नशीबवान. बाकं रिकामी होत जातात. दप्तरांचा आवाज, उतारावरून पळणाऱ्या पायांचा आवाज, मग तोही नाही. शेवटी वर्गात मी आणि कास्मुदी मास्तर. कास्मुदी मास्तर बारीक होते, शर्टाला कायम लवंगेच्या विडीचा वास, डाव्या पायाने जरा ओढत चालत. ते मला रोज एक प्रश्न विचारत. रोज थांबत. उन्हाचा पट्टा बाकावरून जमिनीवर उतरेपर्यंत थांबत. मग म्हणत, "बरं गेंदुक, जा. उतारावर पळू नकोस." गेंदुक म्हणजे पोरी, बाळ. मी उठायचे आणि हात कपाळाला न लावता जायचे, कारण उत्तर दिलं नव्हतं, तो मान माझा नव्हता.

आणि एके दुपारी मी बोलले. एवढं पक्कं आहे, कारण त्यानंतरचं मला सगळं लख्ख आठवतं. मी उतारावरून पळाले. एक आकडा ओरडत पळाले. तंबाखूच्या तट्ट्यांवरून उडी मारली, काकूने शिव्या दिल्या, मी तिलाही तो आकडा ओरडून सांगितला. कुठला आकडा, देव जाणे. पण त्याच्या आधीचं, म्हणजे रिकामा वर्ग, उन्हाचा पट्टा, विडीचा वास, आणि मग ते, ते जे काही त्यांनी केलं, तिथे चित्र कोरं आहे. पुसलेल्या फळ्यासारखं, काहीतरी लिहिलेलं होतं एवढंच कळतं. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुला ताप आला होता, उतरला तशी बोलायला लागलीस." आईच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टी ताप उतरल्यावर होतात. मग शिक्षिका झाल्यावर मुद्दाम गावी जाऊन खुद्द कास्मुदी मास्तरांना विचारलं. ते ओट्यावर बसले होते, गुडघ्यावर मांजर. खूप वेळ हसले. म्हणाले, "तू? तू बोलत नव्हतीस? अगं, तुझ्या बडबडीने माझे कान किटले होते!" त्यांना मी फक्त बडबडी आठवत होते. माझं न बोलणं या जगात आता एकट्या माझ्याजवळ उरलं होतं. पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले.

कॉलेजात सरावाचा वर्ग असतो. खरी मुलं तिथे नसतात. तिसरीची बुटकी बाकं मांडलेली, आणि त्यांवर विशी ओलांडलेले बाप्ये नि बाया गुडघे हनुवटीला लावून मुलं होऊन बसतात. एकजण पुढे उभा राहून शिकवतो. बघणाऱ्याला वेड्यांचा बाजार वाटेल. दाढीवाला रोफिक वही फाडून विमानं करतो. हेस्ती दर पाच मिनिटांनी "पाक गुरू, ह्याने माझं खोडरबर घेतलं" म्हणून मास्तर झालेल्याकडे गळा काढते. कोण चिमटे काढतं, कोण मुतायला जातो म्हणून गेलं की येतच नाही. पोर व्हायला सगळ्यांना आवडतं. पण न बोलणारं पोर व्हायला कुणी तयार नसतं. त्यात मजा नाही. म्हणून पहिल्याच वर्षी मी म्हटलं, ते मी होते. तेव्हापासून शेवटच्या परीक्षेला मी मागच्या बाकावर, भिंतीकडच्या कडेला, मिठाची गुळणी धरून बसते. वर्ग संपतो, घरी जायचा खेळ होतो, सगळे उत्तरं देऊन कॅन्टीनला पळतात आणि शेवटी वर्गात तो परीक्षार्थी नि मी. मुलांनी नाव पाडलंय, बूंचा दगड. नव्या मुलांना जुनी मुलं सांगतात, "सगळं जमेल, दगडाचं बघ." मला बोलतं करणं ही अट नाही, तसं मी कधीच ठेवलं नाही. मला कुणी बोलतं केलंही नाही. कुणी लिमलेटची गोळी दिली, कुणी गाणं म्हटलं, एकीने मला मांडीवर घ्यायचा घाट घातला तेव्हा बाकच कलंडलं. मी न बोलता बघत बसते आणि जो धीराने वागतो त्याला पास करते. नापास व्हायचं एकच कारण: पोर वर्गात असताना शिक्षक बाहेर गेला, तर संपलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, की दर वर्षी त्या बाकावर मी परीक्षा घ्यायला बसत नाही. मी वाट बघत बसते. यांच्यातलं कुणीतरी, चुकून का होईना, कास्मुदी मास्तरांनी केलं ते करेल, आणि मला कळेल. मग मला शिकवता येईल. तोवर मी जे शिकवते ते म्हणजे लग्नाचा सगळा मांडव सजवणं आहे, नवरीचा पत्ता नाही.

आजची परीक्षा पामुजीची होती. पामुजी म्हणजे दिएंगच्या पठारावरचा, बटाटेवाल्यांचा मुलगा. उंच, खांद्यात वाकलेला, थंडीत वाढल्यामुळे गालांवर कायमची लाली. गेल्या वर्षी हाच नापास झाला होता. त्याने दगडाला चार प्रश्न विचारले, घाम पुसला आणि "मी आलो हां" म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही. मागच्या विहिरीशी तोंड धूत बसलेला सापडला. आता दुसरी आणि शेवटची संधी. यावेळी गेलं तर कॉलेज सुटलं. बापाने निरोप धाडला होताच की बटाट्याची लावणी आली आहे, मास्तर व्हायचं होत नसेल तर ये. सकाळी व्हरांड्यात मला दिसला तेव्हा त्याने हात कपाळाला लावला. त्याचा हात बर्फासारखा.

"जेवलास का रे?"

"नाही बू. घशाखाली उतरेना."

"मग हा मासा घे. मुर्तिनीचा आहे. परीक्षेत वास येऊ दे जरा वर्गाला."

तो हसला नाही. खरं तर मलाही हसू येत नव्हतं. पोरं नाहीतच, हे डोक्यातून जात नव्हतं. वर्गात शिरताना मनात पहिल्यांदाच आलं, की आज शेवटचं बसायचं. पुढच्या वर्षापासून दगड बंद. जे सापडायचं नाही ते सापडायचं नाही.

वर्ग ठीक झाला. पाढ्यांचा होता. पामुजीने शेंगदाण्याचे गठ्ठे करून दाखवले, रोफिकने त्यातला एक गठ्ठा खाल्ला तर पामुजी म्हणाला, "आता रोफिक सांगेल, त्याच्या पोटात किती आणि टेबलावर किती." वर्ग हसला. मी मनात म्हटलं, बरं आहे. मग घरी जायचा खेळ सुरू झाला. हेस्ती गेली, पाच नव्वे सांगून. गालुह नावाची मुलगी गेली. रोफिक तीनदा चुकला आणि मुद्दाम पाय आपटत गेला. प्रत्येकजण पामुजीचा हात कपाळाला लावत होता, अर्धं नाटक, अर्धी थट्टा. दार वाजलं. व्हरांड्यात पावलं लांब गेली. बाकं रिकामी. मी भिंतीकडे सरकून बसले, गुडघे वर, हात मांडीत.

"सात आठे?" पामुजीने विचारलं.

मी बाकावरच्या भेगेकडे बघत राहिले.

तो थांबला. बरा थांबला. मग म्हणाला, "दोन आठे?" मग, "तुझं नाव काय?" मग, "माझं नाव पामुजी. मला दोन बहिणी आहेत. तुला?" मग त्याने फळा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. त्याच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. मी अशा किती पाठी पाहिल्या आहेत. आता हा वळेल आणि काहीतरी युक्ती काढेल. पण तो वळला आणि त्याने दाराकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं दार. मी खाली मान घालून त्याचे पाय बघत होते. एक पाय दाराकडे वळला, आणि खरं सांगते, जाऊ नकोस असं मनात म्हणणारी ती परीक्षक नव्हती. मग पाय परत आले. तो माझ्या शेजारच्या बाकाशी आला आणि त्या बुटक्या बाकावर कसाबसा मावून बसला. गुडघे कानाशी. माझ्याकडे न बघता समोर, फळ्याकडे बघत. लांब मशिदीत दुपारची बांग झाली. उन्हाचा पट्टा पुढच्या बाकावर होता, तो आम्ही दोघं बघत होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तो म्हणाला, "माझे संपले गं."

युक्ती करणाऱ्याचा आवाज मला कळतो. वर्षानुवर्षं तेच ऐकत आले आहे. त्याला एक गोडवा असतो, टोकाला एक गळ असतो, मासा लागतोय का बघणारा. हा आवाज तसा नव्हता. हा रिकाम्या पोत्याचा आवाज होता.

"माझ्याकडे आता एकही प्रश्न उरला नाही, गेंदुक," तो फळ्याला म्हणाला. "तुझ्याकडे आहे का एखादा?"

मला वास आला. ओल्या, चिरलेल्या तंबाखूचा, आणि वर लवंगेचा. सेमारांगच्या चढावर, कॉलेजच्या खोलीत, जिथे शेंगदाणे आणि खडूखेरीज काही नव्हतं. बोटं चिकट झाली. जीभ टाळूला लागलेली सुटली तेव्हा तिचा आवाज आला मला, लहानसा, डिंक सुटल्याचा. आणि पोटातून, फार खालून, कुणीतरी चढून येत होतं, चप्पल हातात घेऊन. मी तिला अडवलं नाही. मी अडवू शकले नसते.

"पाक गुरू," असं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं. "तुम्हाला कोण विचारतं?"

पामुजी वळला. "काय?"

"प्रश्न. घरी जायला."

तो हसला नाही. त्याबद्दल मी त्या मुलाचे जन्मभर पाय धुवीन. त्याने भुवया जवळ आणल्या आणि खरंच विचार केला, जसं काही हे त्याला आधीच सुचायला हवं होतं. रिकाम्या बाकांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं.

"मला कुणीच नाही विचारत," तो म्हणाला. "म्हणून तर मी शेवटपर्यंत इथेच असतो." आणि जरा वेळाने, जरासा लाजून, "तू विचार ना."

मला एकच प्रश्न आठवला, त्याचाच.

"सात आठे?"

"चोपन्न," पामुजी म्हणाला.

"चुकलं!" मी ओरडले. बाकावर हात आपटून ओरडले. "छप्पन्न! छप्पन्न, पाक गुरू!"

तो मुद्दाम चुकला की घाबरून, मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. कास्मुदी मास्तरांनी त्या दुपारी हेच केलं होतं, असंही मी म्हणणार नाही. फळा अजून कोराच आहे. उतारावर ओरडलेला तो आकडा छप्पन्न होता, हेही नाही. पण मला एवढं दिसलं, इतकं जवळून की त्यावर बोट ठेवता यावं: उन्हाचा पट्टा उतरत होता, आणि कास्मुदी मास्तर माझ्या शेजारच्या बाकावर बसलेले होते, डावा पाय लांब करून. माझ्याकडे बघत नव्हते. फळ्याकडे बघत होते. त्यांच्याकडचे प्रश्न संपले होते. काय केलं, काय केलं म्हणून मी उभा जन्म शोधत आले, आणि तिथे करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं करून झालेला एक दमलेला माणूस घरी न जाता एका पोरीपाशी बसून राहिला होता. मला भीती वाटली. प्रार्थनेतही कधी वाटली नाही अशी भीती, ज्यात माणसाला रडू येतं आणि बरंही वाटतं. हे कसं शिकवायचं? ज्याला कुणी शिकवलं नाही त्या बटाटेवाल्याच्या पोराने ते आत्ता, माझ्यासमोर, हात बर्फासारखे गार पडलेले असताना केलं होतं. आणि मी काय शिकवलं होतं त्याला? फक्त एवढंच की बाहेर जायचं नाही.

"बरोबर," पामुजी म्हणाला. तो पाक गुरूच राहिला होता, त्याने वेश उतरवला नव्हता. "बरोबर आहे. जा घरी."

मी उठले. माझे गुडघे दुखतात, बुटक्या बाकावरून उठताना मला नेहमी कुणीतरी हात द्यावा लागतो. आज कसे उठले कळलं नाही. मी त्याच्यापुढे उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्या बाकावरून उठून कधीही कुणाचा हात घेतला नव्हता, कारण दगड उत्तर देत नाही आणि मान उत्तर देणाऱ्याचा असतो. मी त्याचा हात धरला. दारात सगळे जमले होते, हेस्तीच्या हातात तळलेल्या तेंपेची, सोयाबीनच्या वड्यांची, पुडी, रोफिकचं तोंड भरलेलं आणि उघडं. आमच्याकडे थोराने धाकट्याचा हात कपाळाला लावला तर धाकट्याला दोष लागतो, पुढे भोगावा लागतो, असं मानतात. पामुजी ते मानणाऱ्या घरातलाच आहे. मला वाटलं, आता ओढून घेईल, "बू, नको," म्हणेल आणि सगळं मोडेल.

त्याने हात ओढला नाही. मी वाकले आणि हाताची पाठ कपाळाला लावली. घाईत नाही. टेकवली आणि ठेवली. खडूची पूड होती, शेंगदाण्याच्या फोलपटांचा वास होता, आणि तो हात आता गार नव्हता.

"सावकाश जा, गेंदुक," तो माझ्या डोक्यावरून म्हणाला. "उतारावर पळू नकोस."

डोंगरातले सगळेच मास्तर असं म्हणत असतील. त्याच्याही शाळेला उतार असणार, त्यालाही कुणीतरी म्हटलं असणार. मला माहीत आहे हे. तरी मी डोळे तसेच ओले ठेवून दाराकडे चालू लागले. मुलं बाजूला झाली. व्हरांड्यात आल्यावर मागे वळून पाहिलं. पामुजी निघाला नव्हता. तो एकेक बाक सरळ करत होता, खिडक्यांच्या खिट्या लावत होता, माझ्या बाकाशी आल्यावर थोडा वेळ थांबला. वर्गातून शेवटी जातो तसा.

हेस्ती दबकत जवळ आली. तिने माझा हात कपाळाला लावावा की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने नुसता धरला.

"बू," ती कुजबुजली, "पामुजी पास का हो?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "मी तिसरीत आहे."